हवामान बदल रोखण्यात माझ्या वीजबचतीचा वाटा किती आणि सरकारचा किती?

जबाबदारीचा मोठा वाटा सरकारचाच आहे, कारण तुम्ही वीज कमी वापरू शकता, परंतु ती कशापासून तयार व्हावी हे घरातले बटण दाबून ठरवता येत नाही. भारतात आजही सुमारे ७० ते ७५ टक्के वीज कोळशापासून तयार होते, आणि हे प्रमाण बदलणे धोरण, पारेषण वाहिन्या व गुंतवणूक यांच्या हाती आहे. २०२० साली टाळेबंदीमुळे जगभर विमाने, मोटारी आणि अनेक कारखाने थांबले, तरीही ऊर्जावापरातून होणारे कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन जेमतेम ५ ते ६ टक्क्यांनी घटले. इतका टोकाचा संयम कोणी स्वखुशीने पाळणार नाही, हे वेगळे सांगायला नको. उलट, २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उजाला योजनेसाठी एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी झाल्याने एका दिव्याचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत सुमारे ३८ रुपयांवर आला आणि कोट्यवधी घरांनी कोणत्याही उपदेशाशिवाय दिवे बदलले. मात्र सरकारचे कामही एका मर्यादेपर्यंतच पोहोचते: १ जानेवारी २०२० पासून तारांकित (वीजबचतीचे स्टार रेटिंग असलेली) वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर सुरू होतील अशी सक्ती झाली, पण त्यानंतर रिमोट तुमच्याच हातात असतो, आणि तो १८ वर नेणाऱ्या घराला कोळशाकडे बोट दाखवण्याचा फारसा अधिकार उरत नाही.