मराठी ब्लॉगसाठी ब्लॉगर घ्यावं की स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस? जास्त सुरक्षित काय? सिरीयस लोक ब्लॉगरवर लिहीत नाहीत म्हणे.

एकट्याने लिहिणार असाल तर ब्लॉगर, म्हणजे गुगलची फुकट ब्लॉगसेवा. एवढ्यावर थांबलो असतो, पण "सिरीयस लोक ब्लॉगरवर लिहीत नाहीत" असं तुम्ही प्रश्नातच म्हटलंय. हेच वाक्य माझ्या मावसभावाने आमच्या मामांना ऐकवलं होतं.

मामा पोस्टातून निवृत्त झालेले. खेड्यातलं टपाल, मनिऑर्डरी, तारा यांच्या आठवणी ब्लॉगरवर लिहायचे. मावसभाऊ वेबसाइटी करून देतो. त्याने डोमेन (साइटचा स्वतःचा पत्ता), होस्टिंग (भाड्याची सर्व्हरची जागा), वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) असा सगळा थाट मांडून दिला. वर्डप्रेसबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या थीमची (साइटच्या तयार रूपाची). विकतची थीम कुणी फुकट का वाटेल, हे मी तेव्हाच विचारलं होतं. "दादा, सगळे हेच वापरतात," म्हणाला. शिवाय अपडेटने थीम मोडते म्हणून आपोआप होणारी अपडेट्स बंद. वर्डप्रेसने ती सोय २०१३ साली दिली ती काय उगाच? २०१७च्या जानेवारीत वर्डप्रेसच्या ४.७.२ आवृत्तीने सुरक्षेतलं एक मोठं भोक बुजवलं. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांतल्या अनेकांच्या पोस्टवर पुढच्याच महिन्यात कुणीही येऊन काहीही खरडून गेलं.

मग मामांच्या एका वाचकाचा फोन आला. गुगलवर ब्लॉग शोधला की जपानी अक्षरं आणि पर्सच्या जाहिराती! मामांनी उघडला तर सगळं जिथल्या तिथे. भाऊ म्हणाला, "त्यांच्याच मोबाइलमध्ये व्हायरस असेल." कसला व्हायरस! घुसलेला कोड गुगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) एक पान दाखवतो आणि माणसाला दुसरं, हा जुना धंदा आहे. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सोयीत, मालकांच्या यादीत एक अनोळखी जीमेल निघालं. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, जिथे फोटो असायचे, तिथे पीएचपी फाइली, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड.

यावर त्याचा उपाय म्हणजे चालू डेटाबेसवरच बॅकअप चढवणं. कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकला आणि मामांचं सगळं लेखन प्रश्नचिन्हं होऊन बसलं. नुसती विचित्र चिन्हं आली तर बऱ्याचदा मजकूर परत मिळतो. प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर गेलंच. जुने लेख वाचले, कारण ब्लॉगरवरचा जुना ब्लॉग मी पुसू दिला नव्हता. नंतरचे थोडे वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, सापडले. भाऊ अजूनही होस्टिंगवाल्याच्या नावाने खडे फोडतो.

ब्लॉगरवर सर्व्हर आणि त्यावरचा कोड ही गुगलची डोकेदुखी. तुम्ही राखायचं ते गुगल खातं. टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी पडताळणी) लावा, आणि घरातल्या कुणाचं तरी दुसरं खातं ॲडमिन म्हणून जोडा, म्हणजे एक अडकलं तरी ब्लॉग अडकत नाही. स्वतःचं डोमेन ब्लॉगरलाही जोडता येतं, त्यासाठी होस्टिंग विकत घ्यायला नको. शीर्षक मराठीत दिलं की पत्ता मात्र नुसता 'ब्लॉग-पोस्ट' असा येतो, म्हणून पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) रोमनमध्ये स्वतः टाका. वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, पण बाविसेक अक्षरांपुढे छाटतं.

हां, दुकान किंवा सभासदत्व चालवायचं असेल तर ब्लॉगर पुरणार नाही, हे मान्य. गुगलने उद्या बंद केलं तर, ही भीतीही खोटी नाही. अधूनमधून ब्लॉगचा बॅकअप उतरवून ठेवा. वर्डप्रेसच घेणार असाल तर नको असलेले प्लगइन (जादा सोयींचे जोडभाग) नुसते बंद करू नका, पुसा. नुसते बंद केले तर त्यांच्या फाइली सर्व्हरवरच राहतात. बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवा आणि एकदा दुसरीकडे चढवून मराठी मराठीच दिसतंय ना ते बघा. आणि बसवून देणारा नात्यातला असेल तर ॲडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवशी मागून घ्या. मामांच्या हातात तो यायला दिवाळी उजाडली होती.