‘क्रोक’ : बेडकाचे ओरडणे आणि माणसाचे मरणे

प्रश्न : इंग्रजी रहस्यकथांत ‘क्रोक’ हे क्रियापद कधी बेडकाच्या ओरडण्यासाठी, कधी घोगऱ्या बोलण्यासाठी, तर कधी चक्क ‘मेला’ या अर्थाने आढळते. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे आले? आपल्या ‘आक्रोशा’शी त्याचे नाते आहे का?

उत्तर : ‘क्रोक’ हा ध्वन्यनुकारी शब्द असून आपल्या कानाला तो बेडकाचा वाटला, तरी इंग्रजी साहित्यात तो डोमकावळ्याचाही तितकाच आहे. डोमकावळा तेथे अशुभसूचक मानला जाई. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात, राजा डंकन मुक्कामाला येत असल्याची वर्दी मिळताच लेडी मॅकबेथ म्हणते, की त्याच्याच जिवावर बेतणाऱ्या आगमनाची ‘क्रोक’ करून सूचना देणाऱ्या डोमकावळ्याचाच घसा बसला आहे. घोगरा आवाज, अपशकुन आणि मृत्यू हे तिन्ही येथे एकाच वाक्यात आले आहेत, म्हणून हा शब्द समजून घ्यायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सुचत नाही. पुढे सतत अभद्र भाकिते करणाऱ्या माणसालाही ‘क्रोकर’ म्हणू लागले. गोल्डस्मिथच्या १७६८च्या एका नाटकात अशा रडतोंड्या पात्राचे नावच क्रोकर आहे.

‘मरणे’ हा अर्थ मात्र चोरट्यांच्या बोलीतला. ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर गेलेल्या जेम्स हार्डी व्हॉक्स या कैद्याने १८१२मध्ये त्या बोलीचा जो कोश तयार केला, त्यात तो नोंदलेला आहे. मरणासन्न माणसाच्या घशातून येणाऱ्या आवाजावरून हा अर्थ आला असे मानतात, आणि मराठीत ‘घरघर लागणे’ रूढ असल्यामुळे आपल्याला ते सहज पटते. इंग्रजीत हा प्रयोग आजही हलका समजला जातो. दुखवट्याच्या पत्रात तो चुकूनही वापरू नये.

‘आक्रोश’ हा संस्कृत ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे या धातूपासून आला; हाक ऐकू जाईल एवढे अंतर तो ‘क्रोश’, म्हणजेच आपला कोस. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून नाते सिद्ध होत नाही, विशेषतः अनुकरणवाचक शब्दांत. डोमकावळ्याच्या ओरडण्याला लॅटिनमध्ये ‘क्रोकितारे’ म्हणत, ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४०५मधील नाटकात बेडूक ‘कोआक्स कोआक्स’ करतात, तर आपले ‘डराव डराव’. घोगरा आवाज उच्चारून दाखवताना ‘क’ आणि ‘र’ अनेक भाषांत स्वतंत्रपणे येऊ शकतात, म्हणून ‘क्रोक’ आणि ‘आक्रोश’ यांना सख्खे मानू नये.