एकच रडार शून्य प्रवाह दाखवतं तेव्हा

तुमचा प्रश्न असा: किनाऱ्यावर समुद्राचा प्रवाह मोजणारं १३.५ मेगाहर्ट्झचं एकच रडार आहे, ते अगदी समोरच्या पाण्यात प्रवाह जवळजवळ शून्य दाखवतं, पण तिथेच सोडलेला बोया किनाऱ्याला समांतर भराभर वाहत गेला. मग रडार बिघडलंय का?

नसावं. ते स्वतःच्या दिशेने येणारा किंवा स्वतःपासून दूर जाणारा वेगच मोजतं. प्रवाह आडवा असेल तर त्याच्या लेखी तो नाहीच.

मुळात रडारला पाणी दिसत नाही, लाटा दिसतात, त्याही ठरावीकच. १३.५ मेगाहर्ट्झला रेडिओतरंगाची लांबी सुमारे २२ मीटर, म्हणून त्याच्या निम्म्या, म्हणजे ११ मीटर लांबीच्या लाटांचा परतीचा प्रतिध्वनी एकमेकांत मिळून जोरदार होतो. (१९५५ साली क्रॉम्बी यांनी न्यूझीलंडमध्ये जवळपास याच वारंवारतेवर हे ओळखलं.) खोल पाण्यात अशी लाट सेकंदाला ४.१६ मीटर धावते हे गणितानेच ठरलेलं आहे. त्यामुळे डॉप्लर आलेखात (परतलेल्या तरंगाची वारंवारता हालचालीमुळे किती बदलली ते दाखवणाऱ्या आलेखात) शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.३७५ हर्ट्झला दोन शिखरं येतात: येणाऱ्या लाटांचं धन बाजूला, जाणाऱ्यांचं ऋण बाजूला. खाली प्रवाह असला की दोन्ही शिखरं एकाच बाजूला सरकतात. हे सरकणं म्हणजेच तुमचं मोजमाप, आणि ते फारच बारीक असतं. सेकंदाला १० सेंटीमीटर प्रवाहासाठी जेमतेम ०.००९ हर्ट्झ! म्हणून रडारला मिनिटं-मिनिटं ऐकत बसावं लागतं. सव्वाचार मिनिटं ऐकलं तर वेगाची पायरी, म्हणजे ओळखता येणारा वेगातला सर्वांत लहान फरक, सेकंदाला ४ सेंटीमीटरच्या आसपास येते.

पूर्ण बाण, म्हणजे प्रवाहाचा वेग आणि दिशा दोन्ही, हवा असेल तर दुसरं रडार केंद्र लागणारच. दोघांच्या रेषा साधारण ३० ते १५० अंशांत छेदत असतील तिथलंच उत्तर धरा, ९० च्या जवळ सर्वांत चांगलं. दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर दोघंही एकाच रेषेतला वेग मोजतात, तिथले सुबक बाण बघून भुलू नका. नकाशा काढणाऱ्या प्रणालीने रिकाम्या जागा भरलेल्या असतात.

तुमचं रडार छोट्या अँटेनाचं, दिशा गणिताने काढणारं असेल तर अँटेनाजवळचं लोखंडी कुंपणही बघा. त्याने वेग बिघडत नाही, प्रतिध्वनी कुठून आला ती दिशा चुकते: बरोबर आकडा भलत्याच जागी जाऊन बसतो. होडीवरून सिग्नल देत अँटेनाचा नमुना (कुठल्या दिशेचा सिग्नल ती कसा पकडते ते) मोजून घेतल्याशिवाय मी तरी अशा केंद्राचे आकडे वापरत नाही.

आता तुलना अशी करा. बोयाच्या वेगाचा रडारच्या दिशेतला घटक काढा आणि तोच रडारच्या आकड्याशी ताडून पाहा. रडारचा आकडा वरच्या साधारण मीटरभर पाण्याचा असतो, नुसता तरंगणारा बोया मात्र वाऱ्यानेही ढकलला जातो. तुमच्या बोयाखाली पाण्यात पडदा लावला होता का, आणि किती खोल?