व्हेटरन म्हणजे दिग्गज?

प्रश्न असा आला आहे: लेकीने वॉशिंग्टनहून फोटो पाठवले, त्यांखाली भाषांतरयंत्राने 'व्हिएतनाम दिग्गज स्मारक' असे लिहिले होते. 'व्हेटरन'ला मराठीत दिग्गज म्हणतात का? की 'हुतात्मा स्मारक' म्हणावे? आणि 'वीरगळ' हा आपला जुना शब्द असताना तोच का वापरू नये?

दिग्गज आधी बाजूला काढू. दिक् अधिक गज. आठ दिशा तोलून धरणारे आठ हत्ती: ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद आणि त्यांचे चार भाऊबंद. त्यावरून आपल्या क्षेत्रातला मातब्बर माणूस. इंग्रजीत 'व्हेटरन' नटालाही लावतात आणि सैनिकालाही. नटाला आपण दिग्गज म्हणतो, म्हणून यंत्राने सैनिकालाही हत्तीवर बसवले. अमेरिकेत एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन एकविसाव्या वर्षी गणवेश उतरवलेला पोरगाही व्हेटरनच असतो. तो ज्येष्ठ नाही. सेवानिवृत्तही म्हणवत नाही, कारण त्या शब्दाबरोबर शाल-नारळ, निरोपाची भाषणे आणि पेन्शनचे कागद येतात. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, माजी सैनिक. नोकरभरतीच्या जाहिरातींतल्या आरक्षणापासून गावच्या सत्कारापर्यंत तोच चालतो.

मग 'माजी सैनिकांचे स्मारक' म्हणून मोकळे व्हावे? इथे खरी अडचण आहे. मराठीत अमक्याचे स्मारक म्हटले की तो अमका हयात नाही, हे गृहीत असते. माजी सैनिक तर हयात असतो. आणि हे स्मारक म्हणजे नावे कोरलेली भिंत; तिच्यावरची ५८ हजारांहून अधिक नावे मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची आहेत, परतलेल्यांची नाहीत. नावात मात्र व्हेटरन आले, कारण युद्धातून परतलेल्यांनीच पुढाकार घेऊन, लोकांकडून देणग्या गोळा करून ते उभारले, आणि मान तिथे लढायला गेलेल्या सगळ्यांचाच राखायचा होता. इंग्रजीत 'व्हेटरन्स' आणि 'मेमोरियल' नुसते शेजारी ठेवले की हे सारे सामावते. आपली 'चे' इतकी सैल नाही.

'हुतात्मा' तर मी मुळीच वापरणार नाही. हुत म्हणजे आहुती दिलेला. सावरकरांनी हा शब्द रुळवला आणि मुंबईच्या हुतात्मा चौकाने तो घरोघरी नेला. त्यात स्वेच्छा आहे, ध्येय आहे. व्हिएतनामला गेलेल्यांतले कितीतरी सक्तीच्या भरतीने नेलेले होते. डिसेंबर १९६९ मध्ये तर जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून कोणाला आधी बोलवायचे ते ठरवले गेले. १४ सप्टेंबर ही तारीख पहिली निघाली. वाढदिवस त्या दिवशी आला एवढ्यावरून ज्याचा नंबर पहिला लागला, त्याने आहुती दिली म्हणायचे की त्याची दिली गेली? शिवाय ते युद्ध योग्य होते की नाही, यावर त्यांच्या देशात उभा दावा होता. शब्द निवडून आपण त्या भांडणात निकाल का द्यावा?

वीरगळाचा मोह मलाही झाला, हे कबूल करतो. वीर अधिक कानडी 'कल्लु', म्हणजे वीराचा दगड. आणि गंमत अशी की वॉशिंग्टनच्या त्या भिंतीचा काळा ग्रॅनाइट बंगळूरहूनच गेलेला आहे! आरशासारखी चकाकी हवी होती, म्हणून तो निवडला; नावे वाचताना वाचणाऱ्याचा चेहरा त्यांच्यामागे दिसतो. पण शब्दाचा अर्धा भाग आणि दगड एकाच मुलखातले असले तरी वस्तू वेगळ्या. वीरगळावर खाली लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. चित्र सगळे, पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर वीराचे नाव नाही. तिथे बरोबर उलटे. चित्र नाही, हुद्दा नाही, पलटण नाही, स्वर्ग नाही. नुसती नावे, ज्या क्रमाने माणसे गेली त्या क्रमाने. भिंतीचा आराखडा माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. १९८२ मध्ये तो उभा राहिला तेव्हा कित्येकांना हा कोरेपणाच खुपला, आणि १९८४ मध्ये जवळ तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. म्हणजे वीरगळाची भूक त्यांनाही होतीच.

प्रत्येक नावाशेजारी एक बारीक खूण असते, ती फोटो मोठा करून पाहा. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मृत्यू निश्चित, अधिकचे चिन्ह असेल तर बेपत्ता. अवशेष सापडून ओळख पटली की त्या अधिकवर चौकट कोरतात. 'बेपत्ता' आणि 'मृत' यांतला फरक शब्दाविना दाखवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

तर माझे मत: 'व्हिएतनाम युद्ध सैनिक स्मारक'. सैनिक या शब्दात गेलेलाही येतो आणि परतलेलाही. 'युद्ध' वगळू नये, नाहीतर व्हिएतनामच्या सैनिकांचे स्मारक असा अर्थ व्हायचा.

लेकीच्या फोटोंत वॉशिंग्टनजवळची आर्लिंग्टनची लष्करी दफनभूमीही आहे, आणि तिथल्या थडग्याला यंत्राने 'अनामिक सैनिकाची समाधी' केले आहे. समाधी साधुसंतांची आणि राजेरजवाड्यांची. इथे कबर बरी. अनामिकही चूक. त्याला नाव होते, ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून अज्ञात. पहिला अज्ञात सैनिक तिथे १९२१ मध्ये पुरला, दुसरे महायुद्ध आणि कोरियातले १९५८ मध्ये, व्हिएतनामचा १९८४ मध्ये. या शेवटच्याचे अवशेष १९९८ मध्ये बाहेर काढून डीएनए तपासला, तेव्हा तो हवाई दलाचा मायकेल ब्लासी निघाला; १९७२ मध्ये त्याचे विमान पाडले गेले होते. घरच्यांनी त्याला आपल्या सेंट लुईसला नेऊन पुरले. आर्लिंग्टनची ती जागा तेव्हापासून मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिला मी नुसती 'रिकामी कबर' म्हणेन. 'अज्ञात' हा शब्द तेवढ्या एका शिळेपुरता खोडावा लागेल.