'वूखर' म्हणजे व्याज की सावकारी?

प्रश्न असा आहे : जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे 1519 साली छापलेले 'आइन झेर्मोन फॉन डेम वूखर' हे प्रवचन मराठीत सांगताना 'वूखर'ला व्याज म्हणावे की सावकारी?

माझ्या मते व्याजच. आजच्या जर्मनमध्ये 'वूखर' म्हणजे अवाच्या सवा व्याज, म्हणून 'सावकारी' सुचणे साहजिक आहे. पण उसनवारीत ल्यूथर दर पाहतच नाही. दिले त्याहून रतीभर जास्त मागितले की झाला वूखर.

खरी पंचाईत 'त्सिन्स' या शब्दाची आहे. आज त्याचा अर्थ व्याज, तेव्हा मात्र तो जमिनीच्या देण्याचाही शब्द होता. 1520 मध्ये हेच प्रवचन ल्यूथरने वाढवून छापले. त्यात 'त्सिन्सकाउफ' या व्यवहाराची चिरफाड आहे : रोख रक्कम देऊन कुणाच्या जमिनीवरचे वार्षिक येणे विकत घ्यायचे. कागदोपत्री खरेदी, म्हणजे कर्ज नाही, म्हणजे वूखरही नाही! दराची चर्चा येते ती इथे. शेकडा सात, आठ, नऊ, दहा घेणाऱ्यांकडे राज्यकर्त्यांनी पाहावे, असे तो म्हणतो. इथे 'त्सिन्स'लाही व्याज म्हटले तर सगळा वादच नाहीसा होईल. मी 'खंड' म्हणेन. कूळ देते तो खंड. मातीशी बांधलेला शब्द आहे.

आणि व्याज? संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती, निर्व्याज प्रेम यांत तोच अर्थ टिकून आहे. खरेदीच्या मिषाने केलेली ती सावकारी या जुन्या अर्थानेही व्याजच ठरते. मला हा योग फार आवडतो.

'वूखर'चा मूळ अर्थ मात्र निष्पाप आहे : जुन्या जर्मनमध्ये पीक, फळ, संतती. आपली 'वृद्धी' तशीच. मनुस्मृतीत (8.140) वसिष्ठाने सांगितलेली वृद्धी दरमहा ऐंशीवा हिस्सा आहे, म्हणजे वर्षाला शेकडा 15. 'वाढीदिढी'ही याच कुळातला शब्द, पण तो ऐकला की डोळ्यांपुढे धान्याची उसनवारी येते. म्हणून शीर्षकात नको.

'व्याजाविषयी एक प्रवचन' एवढेच लिहावे. 1519 च्या प्रवचनाला 'छोटे प्रवचन' हे नाव अभ्यासकांनी नंतर दिले. तेव्हाच्या मुखपृष्ठावर ते असणार कसे, मोठे तर पुढच्या वर्षी आले.