वजन, टोमणे आणि इंजेक्शनं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: हिंजवडीत आयटीत आहे, वय 34. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं सुटलंय. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 24.5, रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलंय. बायको उगाच मागे लागलीये ना?

उत्तर: बायकोचं बरोबर आहे. आपल्याकडे 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, पण बऱ्याच रिपोर्टवर अजून युरोपियन आकडेच छापून येतात. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा (श्वास सोडून, पोट आत ओढून नाही!), पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 ही हद्द. आपल्या पुण्यातल्याच मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय 22.3, पण त्या साहेबाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली त्यांनी तपासलेली बाळंही अशीच, वजनाला हलकी पण त्या मानाने चरबी राखून. म्हणजे सगळा दोष वडापावचा नाही, सुरुवात आईच्या पोटातच झालेली असते. शुगर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या.

प्रश्न: मी दोनदा बारा-तेरा किलो कमी केलं, दोन्ही वेळा परत चढलं. गुडघा दाखवायला जावं तर डॉक्टर म्हणतात आधी वजन कमी करा, मग या. माझ्यात जिद्दच नाही का हो? (कर्वेनगर)

उत्तर: ताई, दोनदा बारा किलो उतरवणाऱ्या बाईला जिद्द नाही म्हणणाऱ्याने आधी स्वतः दोन किलो उतरवून दाखवावं. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, आणि हे वर्षभरानंतरही तसंच असतं असं 2011 च्या एका अभ्यासात मोजलंय. जुळ्यांच्या अभ्यासांत वजनातल्या फरकाचा 40 ते 70 टक्के वाटा अनुवंशाचा निघतो. त्यात स्टिरॉइड, इन्शुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात, त्यामुळे घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा. थायरॉइडवर मात्र सगळं ढकलू नका, त्याने सहसा थोडेच किलो वाढतात.

माझं म्हणणं, बीपीच्या पेशंटला आपण 'बीपी कमी करून या' म्हणतो का? औषध देतो, दर महिन्याला बोलावतो, ओरडत नाही. लठ्ठपणाचंही तसंच हवं. गुडघ्याचे उपचार आज सुरू, सोबत वजनाचे, झोप आणि घोरणं विचारायचं, लिव्हर बघायचं, आणि वजनकाटा वेटिंग रूममध्ये सगळ्यांसमोर ठेवायचा नाही. क्लिनिकात बीपीचा मोठा पट्टा ठेवायला काय जातं? जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं, मग उगाच गोळी चालू.

प्रश्न: मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये आहे, तिला ते वजनाचं इंजेक्शन तीन महिने द्यावं का?

उत्तर: लग्नाच्या फोटोंसाठी नको. त्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या ट्रायलमध्ये 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं हे खरं, पण बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. शिवाय लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर निदान दोन महिने आधी ते थांबवावं लागतं. खरंच लठ्ठपणाचा त्रास असेल तर तपासून, लांब पल्ल्यासाठी, प्रोटीन आणि स्नायूंच्या व्यायामासकट घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून तर अजिबात नको.

प्रश्न: बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीला (वजन कमी करायच्या पोटाच्या ऑपरेशनला) इन्शुरन्स मिळतो का?

उत्तर: मिळतो, पण पॉलिसींची अट साधारण बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. सर्जनांच्या 2022 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच सर्जरीचा विचार करा म्हटलंय, म्हणजे कंपनीच्या हिशोबात अजून बराच आजार वाढायला हवा. स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याच्या, त्या गंभीर आजारांत मोडणाऱ्या त्रासाची) शंका असेल तर रीतसर स्लीप स्टडी करून घ्या, 'घोरतात' एवढं लिहून क्लेम पास होत नाही, आणि वेटिंग पीरियडची (पॉलिसी घेतल्यावर किती काळ क्लेम मिळणार नाही याची) ओळ सही करण्याआधी वाचा.