विहिरीतून निघालेले चमकणारे पापुद्रे अभ्रकाचे आहेत का, खाण होईल का?

भाऊ, एरंडोलकडच्या शेतात निघालं म्हणताय, तर ते बहुतेक अभ्रक नाहीच. आपला खान्देशचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि खाणीच्या कामाचं मोठ्या पानांचं अभ्रक मिळतं ते पेग्मटाइटमध्ये, म्हणजे खोल जमिनीत थंड झालेल्या जाड कणांच्या दगडात, जसं झारखंडात कोडरमा, आंध्रात नेल्लोर, राजस्थानात भिलवाडा. आपल्याकडे लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाणी झिरपून गारगोट्या तयार झाल्या, स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे, त्यांनाही मोत्यासारखी चमक असते म्हणून भलेभले फसतात.

घरीच बघा ना, एक पातळ पापुद्रा चिमटीत धरून हळूच वाकवा. अभ्रक वाकतं आणि सोडलं की टणकन सरळ होतं, गारगोटीचा पापुद्रा कटकन तुटतो. मग चिमट्याने गॅसवर धरा, जरा लांबून, डोळे सांभाळून, कारण स्टिल्बाइट पाणी सोडून फुगतं आणि पांढरं पडतं, अभ्रकाला एवढ्या आचेने काही होत नाही, उगाच नाही ते इस्त्रीत वापरायचे.

खाणीच्या नादात कोणाला अ‍ॅडव्हान्स देऊ नका बरं का. अभ्रक 2015पासून गौण खनिजात होतं, 2025मध्ये केंद्राने ते परत प्रमुख खनिजात घातलं, परवान्याचं काम जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेत विचारा. पण स्फटिक अख्खे असतील तर घण घालू नका, जळगावकडच्या चांगल्या गारगोट्यांना जगभर संग्राहक आहेत, कापडात गुंडाळून ठेवा.